करडा, सत्तावीस नंबर

डबी संपली ती नेमकी डाव्या कुशीवर,
नांगराच्या भोकापासून चार बोटं मागे.
तळ खरवडून खरवडून ताउनोने
अजून नखभर जागा रंगवली,
मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभा केला.
हत्ती गेला, शेपूट राहिलं म्हणावं,
तर तसंही नाही.
अर्धा हत्तीच राहिला होता.

कोत्का बंदरात नोव्हेंबर. दुपारी तीनलाच दिवे.
सत्तावीस नंबर बनवणारी कंपनी
वसंतातच बंद पडलेली.
दुकानातल्या इल्ताने तक्ता काढला:
ह्यांचा सत्तावीस म्हणजे त्यांचा एकशे चौसष्ट,
त्यांचा एकशे चौसष्ट म्हणजे
तिसऱ्यांचा ‘सागरी मध्यम’.
“जवळपास,” ती म्हणाली.
तक्त्याच्या तळाशीही, बारीक अक्षरात, तेच.

त्याने तिन्ही घेतले.

प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यांच्या पाठीवर
तीन पट्टे. रात्रभर सुकू दिले,
कारण ओला रंग खोटं बोलतो
आणि हे त्याला ठाऊक होतं.
सकाळी पहिला निळ्याकडे कललेला,
थंडीत ओठ पडतात तसा.
दुसरा पारवा, पण पारव्याच्या मानेत असतं
ते हिरवट काहीतरी त्यात हलत होतं.
तिसरा मातकट,
काल उरलेल्या आळंबीच्या सुपासारखा.

“करडेच आहेत की तिन्ही,” असं
आउने म्हणेल असं त्याला वाटलं होतं.
पण तिने एकतीस वर्षं
हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या होत्या.
“आमच्याकडे पांढरेच अकरा होते,”
ती म्हणाली, आणि चमचे मोजून पाहिले,
कारण ते तिचे होते.

मग थेंब.
दुसऱ्याचे नऊ, पहिल्याचे दोन,
तपकिरी सुईच्या टोकावर मावेल तेवढी.
वहीत तारीख, वेळ, आकाश कसं होतं ते.
एकोणिसाव्या मिश्रणाला टेबलाच्या दिव्याखाली
जुना आणि नवा रंग एकजीव झाला.
ताउनो जहाज उचलून खिडकीपाशी गेला.
दिव्याखाली सख्खे,
खिडकीत सावत्र.
जिन्यात नेलं. न्हाणीघरातल्या ट्यूबखाली नेलं.
शेवटी पायात चपला तशाच, बाल्कनीत, बर्फात.
दर ठिकाणी वेगळी सांधरेषा.

रविवारी विल्हो आला कॉफीला,
तेव्हाचा त्यांचा बोसन, आता काठी टेकत.
वेलचीचा पाव बुडवता बुडवता
त्याने जहाजाकडे पाहिलं. उजवी बाजू, पूर्ण झालेली.
“हे कुणाचं?”
“आपलं. सुरुंग वेचायचो ते.”
“आपलं नाही. आपलं असं एकरंगी
होतं कधी?”

आणि मग त्यानेच सांगितलं:
चौऱ्याहत्तर, हांकोची गोदी, मे महिना.
भांडारातून पिंपं आली ती दोन ठिकाणची.
डाव्या कुशीवर, दोरखंडाला टांगलेल्या फळीवर,
वीस वर्षांचा एक पोरगा,
नांगराच्या भोकाशी पोचला आणि त्याचं पिंप संपलं.
दुसरं उघडलं. कुणी काही बोललं नाही.
कप्तान धक्क्यावर चार पावलं मागे सरला,
डोळे बारीक करून बघितलं बराच वेळ,
म्हणाला, समुद्राला चालेल.

“तो पोरगा तू होतास,” विल्हो म्हणाला.
“फळीवरून बादली पाडलीस, ती माझ्या बुटांवर.”

बादली ताउनोला आठवत होती.
बूटही आठवत होते.
रंग नाही.
“पण दुसरा कसा होता? निळसर की मातकट?”
“इतकं कोण ध्यानात ठेवतं,” म्हणत विल्होने
कप पालथा घातला.

सोमवारी, दुकान उघडायच्या आधीच
ताउनो दारात उभा, वही काखेत.
“चौथा एखादा आहे?” त्याने विचारलं.
“थोडा न जुळणारा. फार नाही.
नीट न जुळणारा.”
इल्ताने तक्ता उलटा करून पाहिला.
मागची बाजू कोरी होती, आणि खरं तर
पांढरीही नव्हती ती पुरती.