टेक

शारजात, इंडस्ट्रियल एरिया अकरामध्ये
आमचा कारखाना. समोर टायरवाला, मागे टायरवाला,
मधे आम्ही. जगाचं भविष्य बनवतो
बारा एमएम प्लायमध्ये.

दर ऑक्टोबरला दुबईत प्रदर्शन भरतं,
चार दिवसांचं. चौथ्या रात्री दोनपर्यंत
हॉल मोकळा करून द्यायचा, नाहीतर दंड.

ह्या एका काउंटरचंच घ्या.
आधी त्यावर ब्लॉकचेन विकलं.
विनाइल सोलून पुढच्या साली
आभासी दुनियेतले प्लॉट विकले, कोपऱ्याचे महाग.
तिथे कोपरा कुठून आला, मी विचारलं नाही,
मापं घेत होतो.
यंदा त्यावरच एआय.
उन्हात तिरकं धरलं की खालची अक्षरं अजून वाचता येतात.
दोन्ही कंपन्या बुडाल्या, एकीकडे आमचे
साडेचार हजार दिरहम अडकले.
काउंटर ठणठणीत. आतली चौकट सागाची आहे.
मी केलीय.

बातम्यांत कंपन्यांच्या किमती सांगतात.
माझं गणित टेपावरचं:
पाटीवर जो जास्त खर्च करतो
आणि मागच्या खोलीवर कमी,
तो दोन वर्षं काढत नाही.
जो येऊन जोडावरून बोट फिरवतो, तो टिकतो.
अठरा वर्षांत असे तीन भेटले.
त्यातली एक बाई, बेकऱ्यांचा हिशेब ठेवणारं काहीतरी विकायची.
तिच्या स्टॉलवर कोणी फिरकायचं नाही.
अजून येते.

आणि तो शब्द, सीमलेस.
प्रत्येक पाटीवर मीच चिकटवतो.
बिजू फोरमनला अर्थ विचारला,
म्हणाला, ज्याला जोड नाही असं.
म्हणजे आपलं बेजोड.
अरे, ज्याला जोडच नाही तो ओंडका!
सुतारानं जन्म काय त्यासाठी घेतला?

हजेरीचं यंत्र माझं बोट ओळखत नाही.
पॉलिशपेपरनं रेषा गेल्या.
रोज सकाळी म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
करतो.

यंदाचा एक मालक आपल्याकडचा निघाला,
प्रणित लोहारेकर, नांदेडचा, सत्तावीस वर्षांचा.
मराठीत गहिवरला,
भाव करायला हिंदीत गेला.
म्हणाला, मेस्त्री, पडद्यामागे एक कपाट हवं,
मीटर बाय मीटर. मागून भोकं पाडा.
किती?
श्वासापुरती.
मी त्याच्याकडे बघितलं. तो फोनकडे.

उद्घाटनाच्या दिवशी कळलं.
पुढे पांढरं गुळगुळीत यंत्र,
काहीही विचारा, लगेच उत्तर.
सूटवाले थांबून व्हिडिओ काढत होते.
बिजागरी कुरकुरते म्हणून मला मागे पाठवलं.
कपाटात, मांडीवर कीबोर्ड,
घामानं भिजलेला एक नेपाळी पोरगा.
नाव विचारलं.
टेकबहादुर, म्हणाला.

हसू फुटू नये म्हणून मी स्क्रू तोंडात धरले.

तेवढ्यात पुढून कुणी विचारलं,
तुम्ही माणसांच्या नोकऱ्या खाणार का?
टेकबहादुरनं माझ्याकडे बघितलं.
मग टाइप केलं. काय ते मला दिसलं नाही.
पुढे टाळ्या पडल्या.

प्रणितला मी खोटारडा म्हणणार नाही.
पैसे उभे राहिले की खरं बनवू, म्हणतो.
मीही एमडीएफवर सागाचा कागद चिकटवलाय,
शेकड्यानं.
पण आत माणूस कोंबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्लायचा तुकडा नेला,
कडा घासून, जरा तिरका बसवला,
त्याच्या पाठीला टेक.
बिलात लावला नाही.

चौथ्या रात्री सगळं उतरवलं.
काउंटर ट्रकमध्ये चढला, पुढच्या साली
काय विकायचं ते त्याला ठाऊक नाही,
मला नाही, विकणाऱ्यालाही नाही.
तो तुकडा मात्र दिसेना.
मग लांब, गेट चारजवळ, बसच्या रांगेत
टेकबहादुर दिसला,
काखेत प्लाय घेऊन,
ड्रायव्हरशी वाद घालत.