तुमची खिडकी कुठल्या बाजूला?

अकरा वर्षं मी वीज मंडळाच्या तक्रार केंद्रात होते.
लोक अंधारातून फोन करायचे.
आता आवाजातून करतात.

नेरूळचं मैदान, फेब्रुवारी, शनिवार.
आसपासच्या बेचाळीस सोसायट्यांत दाराखालून
माझा नंबर आठवडाभर आधीच सरकवलाय:
'कार्यक्रमाच्या आवाजाबाबत काही अडचण असल्यास.'
स्टेजच्या पाठीमागे, जनरेटरपासून जरा लांब,
प्लास्टिकची खुर्ची, वही, फोन,
आणि डाव्या कानात कापसाचा बोळा.

सात पन्नास. पहिला.
शोकेसमधल्या काचा थरथरतायत म्हणतो.
मी सॉरी म्हणत नाही.
सॉरी म्हटलं की माणूस चढतो,
हे मंडळानं शिकवलं.
मी विचारते, मजला कितवा?
खिडकी कुठल्या बाजूला?
तो थबकतो. बघून सांगतो म्हणतो.
परत येतो तेव्हा आवाज उतरलेला असतो,
त्याचा.

मग वारा खाडीकडून फिरला
आणि फोन एकामागून एक.
बारावीची मुलगी, परवा केमिस्ट्री.
पलंगाखाली शिरलेला कुत्रा, बाहेरच येईना.
एक गृहस्थ काही बोललेच नाहीत,
फोन नुसता ग्रिलबाहेर धरला.
स्टेजवर गाणं, आणि उजव्या कानात तेच गाणं
दीड सेकंद उशिरा,
जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखं
मागून धावत येणारं.
मी म्हटलं, ऐकलं काका.
त्यांनी ठेवून दिला.

हर्षल म्हात्रे मीटर घेऊन स्कूटरवरून
इमारती पालथ्या घालतो.
गच्चीत उभा राहतो, आकडा वाचतो.
वॉचमनला वाटतं, आता हा बटण दाबणार.
आकडा मला, माझ्याकडून नेल्सनला.
नेल्सन तोंड वाकडं करतो,
'मॅडम, खर्ज काढला तर गाण्यात राहिलं काय?'
तरी तीन डेसिबल खाली ओढतो.
तीन म्हणजे यंत्राची निम्मी ताकद.
मैदानात सहा हजार माणसं, एकाच्याही लक्षात आलं नाही.
हात तसेच वर.
सेक्टरातले फोन मात्र विरळ झाले.

नऊ वीस. कमलिनी रेडकर, तिसरा मजला,
आवाजावरून ऐंशीच्या पुढच्या.
'शब्द येत नाहीत हो. नुसता धम्म येतो.
भिंतीतून. जेवताना इथं छातीत.
म्हणतोय तरी काय तो?'
मी बोळा काढला, कान दिला, सांगितलं:
नदी आहे, होडी आहे,
कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय.
'हात्तिच्या,' बाई म्हणाल्या,
'मग एवढं ओरडायला काय झालं?'
वहीत रकाने चार: वेळ, मजला, दिशा, तक्रार.
चौथ्यात मी लिहिलं, शब्द पोचले नाहीत.
आयोजक उद्या विचारतील, ही कसली तक्रार.

दहाला तीन मिनिटं असताना नेल्सननं सगळं खाली आणलं.
पोरं 'आणखी एक' म्हणून ओरडत राहिली,
नुसत्या गळ्यांनी.
तेवढ्याबद्दल कुणाचाच फोन आला नाही.

घरी घणसोली गावात. रिक्षा वळायच्या आधीच
सीटखाली धम्म.
म्हात्र्यांकडे हळद, हर्षलच्या चुलतबहिणीची.
माणसाएवढे सहा खोके
बरोबर माझ्या दाराकडे तोंड करून.
आत मांडणीवर ताटं एकमेकींना सांगतायत काहीबाही.
मीटर स्कूटरच्या डिकीत.
हर्षल मधोमध नाचतोय, मला बघून आणखी जोरात.

कुणाला लावू फोन? नंबर माझाच.

नवरीची मावशी गर्दीतून आली,
माझ्या दोन्ही गालांना हळद फासली,
काहीतरी बोलली. ओठ तेवढे दिसले.
मी मान हलवली, मग हात लांब करून दाखवलं,
ती बघ, ती माझी खिडकी.
तिनं हसून मान डोलावली,
वाटी घेऊन तरातरा गेली
आणि चौकटीलाही हळद लावून आली.