हयातीचा दाखला

उत्तरेश्वर पेठेत, पिठाच्या गिरणीमागचा बोळ.
नाव नव्हतं त्याला.
पोस्टमन विचारत यायचा,
लाकडी पायाचा हवालदार कुठं राहतो?

ते गेल्याच्या आठव्या महिन्यात
नगरसेवक आले, हलगी आली,
निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं:
हवालदार बापूसो कळंत्रे मार्ग.
पेंटरला जागा पुरली नाही,
शेवटचा त्रे कडेला टेकून बसला,
जसे ते बसायचे दूधकट्ट्यावर
धारोष्ण पेला गुडघ्यावर ठेवून.
लढाईचं अवाक्षर नाही.
म्हशीचं तेवढं सांगायचे,
रजेवर आलो की पहिली तीच ओळखायची.

नारळ फुटला.
आक्काताई पदराआडून म्हणाल्या,
"मार्ग कसला, म्होरं भिंतच हाय की."

आज नवा पोस्टमन
पहिल्यांदाच कुणाला न विचारता
थेट दारात.
पेन्शन कचेरीचं पत्र:
हवालदार बापूसो कळंत्रे यांनी
नोव्हेंबरअखेर हयातीचा दाखला
समक्ष सादर करावा.

पोरानं दोनदा वाचून दाखवलं.
आक्काताईंनी चष्मा पुसला,
चप्पल न घालताच बोळाच्या तोंडाशी गेल्या,
पाटीवर बसलेला गिरणीचा पिठूळ धुरळा
पदरानं झाडला,
आणि म्हणाल्या,
"ह्याचाच फोटू काढ,
आणि धाड की तेन्नी."