तीन इंची

मागं दीड टन बर्फ, गोणपाटाखाली,
पुढं इंजिन तापानं फणफणलेलं,
मधे मी, बनियनवर.
वडाळ्याच्या पुलावर गाडी काळं खोकते.
मागचा रिक्षावाला हॉर्न देत नाही,
नुसता नाकाला रुमाल लावतो.
ते जास्त लागतं.

शकूर म्हणाला, पंप ठीक, नोझल ठीक,
हिचं नाक रेडिएटरच्या मागं आहे,
स्वतःचाच उच्छ्वास परत ओढते बिचारी.
बाहेरची थंड हवा दे.
मी म्हटलं, मे महिन्यात? मुंबईत?
तो हसला नाही.
साठच्या जागी अडतीस मिळाली
तर इंजिनाला ते महाबळेश्वर.

तयार संच अकरा हजारांना.
अकरा हजारांत शाळेची फी भागते, वर दप्तर येतं.
म्हणून कुर्ल्याच्या भंगारात रविवार घातला.
चेपलेल्या गाडीतला शंकूसारखा फिल्टर,
झटकला तर कुणाच्या तरी गावची लाल माती पडली.
रबराचे दोन कोपरे. चार क्लॅम्प, एक आट्या गेलेला.
आणि पाईप, तीन इंची,
पाडलेल्या इमारतीच्या न्हाणीघरातला,
आत एक लांब केस चिकटलेला.
तीनदा धुतला,
तरी हेमांगीनं तो मोरीत येऊ दिला नाही.

पाईप वितळू नये म्हणून आडोसा हवा.
पंधरा किलोचा तेलाचा डबा उभा चिरला,
ठोकून सपाट केला,
'शुद्ध शेंगदाणा' इंजिनाच्या बाजूला गेलं.

भांडण झालं ते तोंड कुठं ठेवायचं यावर.
मला बंपरखाली हवं होतं, तिथं वारा थेट.
शकूरनं पान्हा स्वतःच्या मांडीला लावला:
गेल्या वर्षी शीवच्या चौकात पाणी इथवर.
हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही.
एक घोट प्यायली की दांडा वाकलाच समज.
मग तोंड हेडलाइटच्या मागं, वर,
जिथं वारा जरा वळसा घेऊन येतो,
पण कोरडा येतो.

सेन्सरसाठी पाईपला भोक पाडायचं होतं.
शकूरचं ड्रिल कुणीतरी नेलेलं.
मी तार गॅसवर लाल केली,
आणि हात विचारायला थांबलाच नाही.

सात वर्षांपूर्वी, पालिकेच्या दवाखान्यात,
पहाटे तीनला, दोन वर्षांची मैथिली
गळ्याखालचा खळगा आत ओढत होती,
छातीत शिट्टी.
सिस्टर म्हणाली, औषधाचा पंप आहे, नळकांडं संपलंय.
पाण्याची बाटली असेल तर रिकामी करा.
तळाला भोक, पंपाच्या तोंडाएवढं,
सैल नको, हवा गळेल.
चहाच्या शेगडीवर तार तापवून मी ते पाडलं.
प्लास्टिकचा तो वास.
मग बाटलीच्या तोंडाशी तिचं तोंड,
आणि सिस्टर मोजत होती,
एक, दोन, सहा, दहा,
चला, पुन्हा.

तोच वास आज गॅरेजभर.
शकूर म्हणाला, भोक बरोब्बर बसलं रे,
कुठं शिकलास?
मी म्हटलं, असंच.

संध्याकाळी चाचणीला मैथिली केबिनमध्ये,
थर्मामीटरची वायर बॉनेटमधून आत,
ती आकडे ओरडते:
चोपन्न! सेहेचाळीस! एकोणचाळीस!
अडतीस काही आले नाहीत.
पुलावर धूर निघालाच, करडा, थोडा,
पण गाडी तिसऱ्या गिअरवर चढली,
दुसरा मागितला नाही.

वरच्या टोकाला ती म्हणाली,
बाबा, ऐक ना,
हिचा श्वास ऐकू येतो आता.
येतो. पाय दाबला की सूंऽऽ,
सोडला की एक उसासा.
शकूर म्हणतो ही तर गंमत आहे, पोरं पैसे देतात या आवाजाचे.

मी रेडिओ बंद केला.
काच खाली ठेवली.
वाजणारा श्वास मी शेवटपर्यंत ऐकतो,
सवय आहे,
मध्येच तुटतो का बघायला.