रकाना सात

एस. वाय. संपलं. टी. वाय. लागलेलं नाही.
मे महिना. साखळीच्या स्टँडवर
कदंबाच्या पासाचा फॉर्म
गुडघ्यावर ठेवून बसलेय.

रकाना सात: सध्याचे वर्ष.

खिडकीतले गांवस विचारतात, "दुसरं की तिसरं?"
मी म्हणते, निकाल लागायचाय.
"म्हणजे दुसरंच."
मागून सुलक्षा ओरडते,
"परीक्षा दिली ना गो? मग तिसरं!"
तिचं स्टॅटिस्टिक्स सुटणार, खात्रीनं.
माझं नाही.

आई तर शेजारणीला कधीच सांगून मोकळी:
पोर शेवटच्या वर्षाला.
बाबा काजूचं पोतं तोलता तोलता
एवढंच म्हणतात, "अजून किती?"

सकाळी कॉलेजात
प्रवेशाच्या रांगेतली एक मुलगी मला ताई म्हणाली.
मी सांगितलं, ऑफिस डावीकडे,
झेरॉक्स पुलापलीकडे,
आणि फोटो तीन लागतात, दोन नाही.
तेवढ्यापुरती तिसऱ्या वर्षाची.

पेन्सिलीनं 'तीन' लिहिते.
गांवस चष्म्यावरून बघतात, हसत नाहीत,
खोडरबर पुढे सरकवतात.
"जूनमध्ये ये, शाईनं करू.
तोवर पूर्ण तिकीट."

डिचोलीची गाडी लागलीय.
सुट्टे शोधते.