साइट नंबर ३१८

दुपारी बारा-चाळीसला तो आला.
भाड्याची गाडी, इंजिन चालूच ठेवलेलं.
पिशवीतून तंबू काढला, उभा केला, खुंट्या ठोकल्या.
चौथी ठोकली नाही, नुसती बुटाने दाबली.
सात मिनिटं. फाटकावर बसून मी मोजली.
मग मनगटावरचा रबरी पट्टा चाचपत
निघून गेला हायवेपलीकडच्या हॉटेलात,
जिथे गाद्या आहेत, एसी आहे, त्याची बायको आहे.

नाव ब्रँट हॉलकोम. तीन रात्री. पैसे पूर्ण भरलेले.
आमच्याकडची सगळ्यात स्वस्त जागा,
वीज नाही, नळ सामाईक.
पण मुक्काम आमच्याकडे असला की पट्टा मिळतो,
आणि पट्टा असला की बागेचं दार
इतरांआधी तासभर उघडतं.
एवढ्यासाठी.
तासभर आधी पाळण्यात बसायचं म्हणून
ओकच्या झाडाखालची वीस फूट जमीन
तीन रात्री कुणाचीच नाही.

बेकायदा काही नाही. नियमावली मी दोनदा वाचली.
‘तंबू उभा असल्यास जागा ताब्यात आहे असे समजावे.’
समजावे.
हा एक शब्द मला रात्रपाळीभर पुरतो.

काउंटरवरची लर्लीन म्हणते, पैसे मोजलेत ना त्याने?
मग तो झोपो नाहीतर उलटा टांगो.
सिनेमाचं तिकीट काढून मी गेले नाही
तर तू येतोस का भांडायला?
मी म्हणालो, थिएटरबाहेर पोरं घेऊन
कुणी उभं नसतं.
ती म्हणाली, असतं.
तुला दिसत नाही, एवढंच.

अकरा वाजता पिकअप आला, मागे जुना कॅम्पर,
एक दिवा फुटलेला. जॉर्जियाची नंबरप्लेट.
बाईचं नाव डेल्फीन. मागच्या सीटवर दोन मुलं,
एकाचा हात प्लॅस्टरमध्ये, त्यावर हिरव्या शाईत मगर.
जागा नाही, म्हणालो.
तिने वाद घातला नाही. माझ्या खांद्यावरून
आत पाहिलं, अंधारातल्या झाडांकडे,
आणि विचारलं, निदान बर्फ मिळेल का?
दोन पिशव्या दिल्या. पैसे घेतले.
तेही घ्यायला नको होते.

मग टॉर्च घेऊन ३१८ला गेलो.
दोरीला किमतीचं लेबल अजून लोंबत होतं.
चेन उघडली. आत घडी न मोडलेला सूचनांचा कागद,
प्लॅस्टिकचा वास, आणि कापडाला चिकटलेला
अंगठ्याएवढा एक बेडूक.
शेतात बुजगावणं उभं करतात पाखरांसाठी.
हे माणसांसाठी होतं.
चार खुंट्या. दोन मिनिटांचं काम.
सकाळी म्हणता आलं असतं, वारा होता.

पण ओकालाच्या दफनभूमीत
माझ्या बापाशेजारी एक जागा आहे,
शहाऐंशी साली आईने दोघांसाठी मिळून घेतलेली.
दगडावर तिचं नाव कोरलंय, जन्माचं साल, एक रेघ,
रेघेपुढे कोरा दगड.
आई ॲरिझोनात पुरलीय, वेंडेलशेजारी,
तिच्याच मर्जीने. नऊ वर्षं झाली.
दफनभूमीवाल्यांची तीन पत्रं आली:
जागा सोडता का, गावात मागणी आहे.
मी उत्तर दिलेलं नाही.
दर महिन्याला जाऊन तिथलं गवत कापतो,
बापाच्या बाजूचं आणि रिकाम्या बाजूचंही,
एकाच उंचीचं.
ती येणार नाही, हे मला ठाऊक आहे.
बापाला मात्र कुणी कळवलेलं नाही.

हे आणि ते एक नाही, असं लर्लीन म्हणेल.
मीही म्हणेन, दिवसाउजेडी.

बेडूक आत ठेवून मी चेन लावली.
तेवढ्यात तळ्यावरून खरंच वारा आला.
चौथी खुंटी सुटली, कापड फडफडलं,
रिकामा तंबू एका बाजूने उचलला गेला.
मी गुडघ्यावर बसलो, दगड शोधला
आणि ती ठोकली, नीट, मुंडीपर्यंत.

का, ते मला विचारू नका.