फ्रीज बंद करून

रेकॉर्डिंगच्या आधी मी फ्रीज बंद करते
आणि स्कूटरची चावी आत ठेवते, ताकाच्या पातेल्याशेजारी,
म्हणजे फ्रीज पुन्हा चालू केल्याशिवाय
रायबंदरहून कुठेच निघता येत नाही.
ही अक्कल अर्धा किलो बांगडे
कुजल्यावर आलेली.

कपाट हा माझा स्टुडिओ.
दोन्ही बाजूंना साड्या, पाठीला गोधडी,
मांडीवर माइक, त्याचे तीन हप्ते बाकी.
डांबरगोळ्यांच्या वासात बसून मी बोलते
तिरफळांबद्दल, भिंडाच्या सोलांबद्दल,
माडाची सूर घालून फुगवलेल्या उंड्यांबद्दल,
आणि नेमका तेव्हाच पोदेराचा भोंगा
पोंव पोंव करत गल्लीत शिरतो.
सोळा भागांत तो अकरा वेळा आहे.
आधी कापायचे. आता ठेवते.
न बोलावता आलेला
तोच एक पाहुणा.

ऐकणारे त्रेसष्ट.
त्यांतला एक स्विंडनला, गोदामात रात्रपाळीवर.
फोन करून म्हणाला, बाय, तू सोलकढीचं सांगत होतीस
आणि मी सगळी खोकी उलटी चिकटवली.
मांडवीतल्या कसिनोवाल्यांनी विचारलं होतं,
सुरुवातीला आमचं नाव घ्याल का, तीसच सेकंद.
नाही म्हटलं.
मग रात्री बसून हिशेब केला,
ते नाही किती रुपयांना पडलं.

सतराव्या भागासाठी फेरीतून चोडणला गेले.
पियेदाद फुर्तादो, वय एक्याऐंशी,
माइक पाहून आधी केस विंचरून आली.
मला कोरगूट हवा होता, खाजनातला तो तांबडा तांदूळ,
खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभा राहणारा.
वहीत वाक्य तयार होतं : चारशे वर्षांची चव.
खाली दोन रेघा.

मी मराठीत विचारते, ती कोकणीत सांगते,
मधे फेरीबोट चालूच, बिनतिकिटाची.
तिनं सांगितलं, मानशीचं दार ओहोटीला कसं उघडायचं,
रात्री कंदील कोण धरायचं,
बांध फुटला त्या वर्षी
कणसांच्या जागी कालुंदरं कशी पोहत होती.
घरात उरले दोन शेर.
त्यातलेच काढून पहाटे पेज केली तिनं,
थोरला बोस्त्यांव बोटीवर नोकरीला निघाला तेव्हा.

इथे कुणीही विचारलं असतं,
कुठली बोट, परत कधी आला, आला का.
मी विचारलं,
पेजेची चव कशी होती?

संगणकावर पुढची चौदा सेकंदं आडवी रेघ आहे.
मोठी करून पाहिली तर रेघेला बारीक दाते :
एक कोंबडी,
लांब धक्क्यावर फेरीचं इंजिन,
खुर्चीचा वेत.
मग पियेदाद म्हणते,
"चव खंयची गो? पेज हून आशिल्ली."
गरम होती, एवढंच.
फेरी सुटायला आलेली.
त्यानं तशीच ओतली घशात
आणि त्याची जीभ पोळली.

चारशे वर्षं मी खोडून टाकली.
त्या जागी घातलेला घुमटाचा ठेकाही काढला.
चौदा सेकंदं तशीच आहेत.
स्विंडनवाल्याला वाटेल फोन बिघडला,
तो कानाशी हलवून बघेल, बघू दे.

कपाटातून बाहेर आले तेव्हा पाय मेलेले.
फ्रीज लावला, तो खाकरून सुरू झाला.
चावी इतकी गार
की मुठीत धरून उभी राहिले, कोमट होईतो.
खाली पोंव पोंव.
धावत जाऊन पाच उंडे घेतले.
सुट्टे नव्हते.
उद्या दे, म्हणाला.